रिकाम्या पिंपाचं गाव

हायडेलबर्गमध्ये पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एवढंच, की जे आहे ते अर्धं आहे आणि बाकीचं गेलेलं आहे. किल्ला आहे, पण पडका. दारूचं जगप्रसिद्ध पिंप आहे, पण रिकामं. पुलाच्या तोंडाशी एक माकड बसलं आहे, त्याचं डोकं पोकळ. एके काळी युरोपात नावाजलेलं ग्रंथालय होतं, ते १६२३ मध्ये खेचरांच्या पाठीवर लादून आल्प्स पार करून रोमला रवाना झालं, पोपमहाशयांना नजराणा म्हणून. आणि एवढं सगळं नसताना जगभरची माणसं रांगा लावून, पैसे मोजून, हे नसलेलं बघायला येतात. जर्मन माणूस यंत्रं उत्तम बनवतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोडलेली वस्तू मोडलेल्याच अवस्थेत इतकी ठाकठीक ठेवण्याची त्याची हातोटी मात्र आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

आमचा भाचा तिथून जवळच, वाल्डोर्फला, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. जर्मनीत राहून त्याला वेळेचं जे काही व्हायचं ते झालेलं आहे. शनिवारच्या सहलीचा त्यानं चक्क एक्सेलमध्ये तक्ता केला होता. किल्ला इतके ते इतके, जेवण इतके ते इतके, आणि मध्ये एका चौकोनात ‘विश्रांती : १२ मिनिटं’. आमच्या हिनं चष्मा लावून तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, “यात चहा कुठाय रे?” भाच्यानं निमूटपणे एक ओळ वाढवली. त्यामुळे खालचे सगळे आकडे आपोआप पुढे सरकले, आणि ते सरकताना त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते पाहून भाचेसूनबाईंनी तोंड फिरवलं.

जुन्या गावाची मुख्य गल्ली म्हणजे हाउप्टश्ट्रासं. दीड किलोमीटरहून लांब, वाहनांना बंदी, दोन्ही बाजूंना दुकानं. कोकिळेची घड्याळं, झाकणाचे बिअरचे मग, मे महिन्याच्या उन्हात नाताळची झुंबरं. त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. जगात सगळीकडे पर्यटकांना एकाच प्रकारच्या निरुपयोगी वस्तू विकल्या जातात, फक्त त्यांच्यावरचं गावाचं नाव बदलतं. आमचा काफिला अडला तो पुढे, रॉबर्ट बुन्सेनच्या पुतळ्यापाशी.

ही निवृत्त विज्ञानशिक्षिका. हिच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत बुन्सेन बर्नर होते, पण गॅसची जोडणी नव्हती. ती येणार येणार म्हणत मुख्याध्यापक बदलत गेले. हिनं अख्खी नोकरी स्पिरिटच्या दिव्यावर काढली आणि बर्नरची निळी ज्योत फळ्यावर खडूनं काढून दाखवली. आता साक्षात तो माणूस पुढ्यात उभा. हिनं चपला काढल्या नाहीत एवढंच, बाकी नमस्कार यथासांग झाला. मग वर्ग सुरू झाला. बर्नर एकट्या बुन्सेनचा नव्हे, १८५५ च्या सुमाराला डेसागा नावाच्या कारागिरानं तो प्रत्यक्ष घडवला. त्या बिनरंगाच्या ज्योतीत क्षार जाळून बुन्सेन आणि किर्शहॉफ या जोडीनं प्रकाशाच्या रेषा वाचल्या, आणि त्यातून १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही दोन मूलद्रव्यं सापडली. “म्हणजे सूर्यावर काय आहे हे इथे या गल्लीत बसून कळायला लागलं,” असं म्हणून हिनं समारोप केला, तोवर शेजारी एक जपानी जोडपंही उभं राहून मान डोलवत होतं. विश्रांतीची बारा मिनिटं तिथेच संपली.

बाजारचौकात पवित्र आत्म्याचं चर्च आहे. बाहेरून उंच, तांबूस दगडाचं, आणि त्याच्या भिंतींना लगटून छोटी छोटी दुकानं. आत शिरलं की मोकळं, उजेडाचं. पण या मोकळेपणाचं वय शंभरसुद्धा नाही. गावात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोघंही, देऊळ एक. तेव्हा १७०६ मध्ये सरळ मधोमध भिंत घातली. सभामंडप प्रॉटेस्टंटांचा, गाभारा कॅथलिकांचा. वाटणीत वाड्याच्या माजघरातून भिंत गेली आणि देवघर धाकट्याकडे, विहीर थोरल्याकडे आली, तसा सगळा प्रकार. पुढे कार्ल फिलिप नावाच्या राजानं सगळं चर्च कॅथलिकांना मिळावं म्हणून भिंत पाडली, त्यावर एवढा गदारोळ झाला की ती पुन्हा बांधावी लागली. राजे रुसले. रुसले ते इतके, की १७२० मध्ये दरबार उचलून मानहाइमला निघून गेले. राजधानी गेली, भिंत राहिली. ती शेवटी १९३६ मध्ये पाडली. वाटण्यांची भांडणं दोन-तीन पिढ्यांत मिटवणारी आपली माणसं किती समजूतदार, असं मला प्रथमच वाटलं.

किल्ल्यावर जायला डोंगरात शिरणारी दोरीची रेल्वे आहे. ती काही मिनिटांत वर सोडते, त्यामुळे गड चढल्याचं पुण्य लागत नाही. वर गेल्यावर मात्र डोळे निवतात. खाली नेकार नदी, लाल कौलांचं गाव, आणि इकडे तांबड्या दगडाचे प्रचंड महाल, ज्यांच्या खिडक्यांतून आरपार आभाळ दिसतं. महालाचा दर्शनी भाग उभा. त्यावर कोरलेले देव, वीर, राजे आपापल्या कोनाड्यांत ताठ. आणि मागे घरच नाही.

हे घर गेलं कसं, त्याच्या मुळाशी एक स्थळ आहे. इथले राजे इलेक्टर म्हणवत, म्हणजे सम्राट निवडताना ज्यांचं मत मोजलं जाई असे मोजके मानकरी. त्यांतला कार्ल लुडविग हा सावध गृहस्थ. शेजारी फ्रान्समध्ये चौदावा लुई जोरात. तेव्हा सीमेवर शांतता नांदावी म्हणून त्यानं १६७१ मध्ये आपली लेक लिझलॉट लुईच्या धाकट्या भावाला दिली. व्याही तालेवार, मुलगी व्हर्सायला पडली, बाप निश्चिंत. पण १६८५ मध्ये लिझलॉटचा भाऊ निपुत्रिक वारला आणि थोरल्या दिरानं भावजयीच्या नावानं माहेरच्या इस्टेटीवर हक्क सांगितला. भावजयीला कुणी विचारलं नव्हतं. मग फ्रेंच फौजा आल्या. १६८९ मध्ये त्यांनी किल्ला जाळला, आणि काम अर्धवट राहिलं म्हणून १६९३ मध्ये परत येऊन सुरुंग लावले. एक बुरूज असा चिरफाळला आहे की त्याचा अर्धा तुकडा अखंडच्या अखंड खंदकात कलंडून पडला आहे. तीन शतकं उलटून गेली, कुणी उचललेला नाही. लिझलॉट तिकडे दिराच्याच राजवाड्यात बसून माहेर जळाल्याचं दुःख पत्रांतून लिहीत राहिली.

“सुनेच्या माहेरचं घर सासरच्यांनी पाडलं,” हिनं एका वाक्यात युरोपचा इतिहास आटोपला. भाचेसूनबाईंनी भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं तक्त्याकडे पाहिलं.

पुढची गंमत अशी, की अठराव्या शतकात कार्ल थिओडोर या इलेक्टरच्या मनात आलं, किल्ला दुरुस्त करून इथे राहावं. १७६४ च्या जूनमध्ये किल्ल्यावर वीज पडली. राजा काय समजायचं ते समजला. मग गावकऱ्यांनी घरं बांधायला इथून दगड न्यायला सुरुवात केली, आणि किल्ला हळूहळू डोंगर उतरून गावात राहायला जाणार इतक्यात १८१० मध्ये एक चित्रकार इथे येऊन थडकला. शार्ल द ग्रांबेर्ग त्याचं नाव. किल्ल्याची चित्रं काढायला आला आणि त्याच्या प्रेमात पडून जन्मभर इथेच राहिला. दगड नेणाऱ्यांशी भांडला, वस्तू गोळा केल्या, चित्रं छापून गावाचं नाव केलं. तो होता कोण? फ्रेंच. पाडणारेही तेच आणि राखणाराही त्यांच्यातलाच. नुकसानभरपाईचा इतका सावकाश हप्ता दुसऱ्या कुणी फेडला नसेल.

विसाव्या शतकाच्या तोंडावर किल्ला पुन्हा बांधून काढायचा का, यावर जर्मनीत कडाक्याचा वाद झाला. एक महाल, फ्रीडरिशचा, नव्यानं सजवून झालाही होता. तेव्हा गेओर्ग देहिओ नावाच्या कला-इतिहासकारानं ठणकावलं, की आहे ते जपा, नवं काही बांधू नका. त्याचं म्हणणं शेवटी टिकलं. काहीही करायचं नाही हे ठरवायला त्या देशानं एवढे विद्वान कामाला लावले. आपल्याकडे हा निर्णय बिनबोभाट अमलात येतो.

किल्ल्याच्या आवारात आख्यायिका मुबलक आहेत. एक दगडी कमान आहे, एलिझाबेथ दरवाजा. इंग्लंडच्या राजकन्येसाठी नवऱ्यानं १६१५ मध्ये वाढदिवसाची भेट म्हणून बांधली, आणि तीही एका रात्रीत, असं सांगतात. (भाचेसूनबाईंनी पुन्हा भाच्याकडे पाहिलं.) मोठ्या दरवाजाला लोखंडी कडं आहे. ते जो दातांनी तोडेल त्याला किल्ला बक्षीस, असं म्हणे जाहीर झालं होतं; एका चेटकिणीनं प्रयत्न केला, कड्याला नुसती चीर पडली. ती चीर अजून दाखवतात. चेटकिणीच्या दातांचं काय झालं ते कुणी सांगत नाही.

आता पिंप. तळघरात शिरताच एक भलंमोठं पिंप समोर येतं. लोक “अबब” म्हणतात, फोटो काढतात आणि कित्येक जण समाधानानं परत फिरतात. ते धाकटं. खरं पिंप पुढच्या दालनात आहे आणि ते पाहिल्यावर “अबब” आधीच खर्च झाल्यामुळे तोंडातून काही निघत नाही. १७५१ मध्ये बांधलेलं, सुमारे १३० ओकच्या झाडांचं लाकूड लागलेलं, आणि मावतं किती? साधारण २ लाख २० हजार लिटर. बाजूनं जिना चढून पिंपाच्या डोक्यावर जाता येतं. वर नाचायला फळ्यांची जमीन केलेली आहे. शेतकऱ्यांकडून सारा म्हणून जी वाइन यायची ती सगळी यात ओतायची अशी कल्पना. आंबट, गोड, चांगली, वाईट, सगळ्यांची एकच भेसळ. सरकारी खात्यात जमा झालेल्या वस्तूची चव कशी असते याची कल्पना त्या काळीही लोकांना असावी. आणि एवढं करून पिंप गळायचं! म्हणून ते जेमतेम काही वेळा भरलं गेलं आणि त्यानंतर रिकामं. आज त्याच्या पोकळीला बाहेरून प्रदक्षिणा घालायला माणसं खंडांतरं ओलांडून येतात.

हिनं जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून एकच प्रश्न विचारला. “हे आतून धुवायचं कुणी?” मी पाट्या वाचल्या. लांबी होती, रुंदी होती, राजाचं नाव होतं. धुणाऱ्याचा पत्ता नव्हता.

पिंपासमोर पर्केओचा लाकडी पुतळा आहे. हा टिरोलहून आणलेला बुटका विदूषक, त्या रुसलेल्या कार्ल फिलिपच्या दरबारातला. त्याच्याकडे पिंपाची राखण होती आणि पिण्यात त्याला जोड नव्हती, असं गाव सांगतं. म्हातारपणी आजारी पडला, वैद्यानं वाइन बंद करून पाणी प्यायला लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी गेला. ही गोष्ट मी घरी परतल्यावर आमच्या डॉक्टरांना सांगणार आहे.

तळघरातून बाहेर आल्यावर हिच्या पिशवीतला खडखडाट माझ्या लक्षात आला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. जर्मनीत बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात आणि दुकानातल्या यंत्रात बाटली परत घातली की पैसे मिळतात, हे कळल्यापासून हिनं एकही बाटली टाकलेली नव्हती. इतकंच नाही, तर बाकावर कुणी सोडून गेलेली एक तिनं उचलली होती. “मामी, प्लीज,” भाचा कळवळला. “पंचवीस सेंट म्हणजे किती झाले ते कर आधी गुणाकार,” ही म्हणाली. तिच्या दृष्टीनं या गावातली ही एकमेव रिकामी वस्तू होती, जी पाहण्याचे पैसे पडत नव्हते, उलट मिळत होते.

जेवायला चौकातल्या हॉटेलात बसलो. मे महिना म्हणजे तिकडे श्पार्गेलचा हंगाम, आणि हायडेलबर्गशेजारचं श्वेत्सिंगन हे गाव त्याचं माहेरघर. पांढरी शतावरी. मातीचे वरंबे चढवून तिला उजेड लागू देत नाहीत, म्हणून रंगच येत नाही. एप्रिलपासून चोवीस जूनपर्यंत सारा जर्मनी हिच्या नादी लागलेला असतो. एरवी भावना आवरून असलेला माणूस श्पार्गेलचं नाव काढलं की हळवा होतो. ताट आलं. बोटाएवढे जाड पांढरे दांडे, शेजारी उकडलेले बटाटे, वर पिवळसर लोणकढं सॉस. पांढरं, पांढरं आणि फिकट पिवळं. आमच्या डोळ्यांदेखत पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. मीही घेतला, मिटले. चव शोधायला वेळ लागत होता. ती आहे, मऊ, मातकट, किंचित गोडसर. पण तिच्याकडे जायला आधी आयुष्यभराचा ठेचा जिभेवरून उतरायला हवा. हिनं पर्समधून मेतकुटाची पुडी काढली. मी दोन्ही देशांच्या संबंधांचा विचार करून ती परत ठेवायला लावली.

“पण गुणाला चांगली हो,” हिनं दांडा कापत सांगितलं. “शतावरी ना ही? बाळंतिणीला शतावरी कल्प देतात.” टेबलावर शांतता पसरली. सूनबाई बटाट्याकडे एकाग्र झाल्या.

दुपारी विद्यार्थ्यांचा तुरुंग पाहिला आणि मला त्या गावाबद्दल आदर वाटू लागला. हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. विद्यार्थ्यांचे गुन्हे विद्यापीठच निवाडून टाकत असे आणि शिक्षा भोगायला त्याच्या स्वतःच्या कोठड्या होत्या. रात्री गल्लीत दंगा, दारू पिऊन धिंगाणा, पोलिसाला उलट उत्तर, तलवारबाजी, असे गुन्हे. शिक्षा काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत. पण तासाला हजर राहायला बाहेर सोडत. सुरुवातीचे दिवस पाव-पाण्यावर गेले, की मग बाहेरून जेवण मागवा, बिअर मागवा, शेजारच्या कोठडीत गप्पा मारायला जा. परिणाम व्हायचा तोच झाला. एकदा तरी आत जाऊन आल्याशिवाय पदवीला शोभा येईना. भिंतींवर, छतावर, जिन्यावर इंचभर जागा कोरी नाही. काजळीनं आणि रंगांनी काढलेल्या टोपीधारी मुखाकृती, नावं, तारखा, संघटनांची चिन्हं. कोठड्यांना त्यांनी राजवाड्यांची नावं देऊन ठेवली होती. मार्क ट्वेन १८७८ मध्ये इथे आला होता, त्यालाही या तुरुंगानं भुरळ घातली आणि त्यानं आपल्या प्रवासवर्णनात तो रंगवून लिहिला. १९१४ मध्ये हा बंद झाला. आज त्याच भिंतींवर कुणी नवीन नाव कोरलं तर मात्र खराखुरा पोलीस येईल.

ही बराच वेळ एका चेहऱ्यासमोर उभी होती. “अक्षर बघा किती वळणदार आहे,” ती म्हणाली. “अभ्यासात हुशार असणार कार्टं.”

जुना पूल तसा जुना नाही. आधीचे पूल पुरानं आणि बर्फानं वाहून नेले, मग कार्ल थिओडोरनं हा दगडी बांधला, १७८८ मध्ये पुरा झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानांनी हे गाव जवळजवळ अभंग ठेवलं. तेव्हा मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच पुलाच्या कमानी उडवल्या. १९४७ पर्यंत गावानं वर्गणी काढून त्या पुन्हा बांधल्या. पुलाच्या एका टोकाला, दोन गोंडस मनोऱ्यांच्या शेजारी, ते माकड. १९७९ मधलं, ब्राँझचं. हातात आरसा. आरशाला हात लावला तर धनलाभ, बोटांना लावला तर पुन्हा हायडेलबर्गला येणं होतं, आणि शेजारी ब्राँझचे उंदीर आहेत, त्यांना लावला तर मुलं होतात. डोकं आतून पोकळ; पर्यटकांनी त्यात आपलं डोकं घालायचं आणि फोटो काढायचा.

हिनं आरशाला हात लावला, पुसून पुन्हा लावला. बोटांना लावला. मग ती उंदरांकडे वळली आणि तिथून मागे पाहत प्रेमानं म्हणाली, “अगं, ये ना जरा इकडे.” सूनबाई तोवर पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचल्या होत्या.

मी माकडाच्या डोक्यात डोकं घातलं. आत गरम होतं. तिथे मला एकदम प्राध्यापक गुंथर सोन्थायमर आठवले. याच गावच्या विद्यापीठात, दक्षिण आशिया संस्थेत ते शिकवत. १९९२ मध्ये गेले. हा माणूस इथून उठून महाराष्ट्रात यायचा, धनगरांच्या वाड्यांवर राहायचा, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबाच्या ओव्या ऐकून ध्वनिमुद्रित करायचा, आणि जेजुरीबद्दल आपल्यालाच ठाऊक नसलेल्या गोष्टी आपल्याला सांगायचा. त्यांनी आमच्याकडे येऊन एवढं केलं. परतफेड म्हणून मी त्यांच्या गावी येऊन माकडाच्या टाळक्यात शिरून फोटोसाठी हसत होतो. भाचा म्हणाला, “मामा, अजून थोडे आत.”

पूल ओलांडला की तत्त्वज्ञांच्या वाटेवर जायला नागमोडी पायऱ्यांची चढण आहे, दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती. ज्या कुणी तत्त्वज्ञांनी ही चढली ते वर पोचल्यावर जीवन नश्वर आहे याच निष्कर्षाला आले असणार. वर बाक आहेत. समोर नदी, पूल, चर्चचा मनोरा, आणि त्यावर तो तांबूस, फुटका, देखणा किल्ला.

भाच्यानं तक्ता मिटला आणि पुढच्या शनिवारचा काढला. हिनं बाटल्यांची पिशवी खाली ठेवली.

“पुढच्या वेळी काहीतरी धड असलेलं दाखव हं,” ती म्हणाली.

“श्पायर जवळ आहे, मामी. कॅथेड्रल मस्त आहे.”

“धड आहे?”

“आहे... म्हणजे पुन्हा बांधलंय. १६८९ मध्ये फ्रेंचांनी जाळलं होतं.”

“बरं, दुसरं?”

“वोर्म्स. फार जुनं गाव.” त्यानं फोनवर पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तेही १६८९.”

“आणि ते रुसून गेलेत तिथलं?”

“मानहाइम? ते तर...” भाचा थांबला. “तेही त्याच वर्षी.”

ही किल्ल्याकडे बघत थोडा वेळ गप्प राहिली.

“त्या लिझलॉटच्या बापानं,” ती म्हणाली, “स्थळाची चौकशी नीट केली नव्हती.”